नौपाड्यातील चार रविवार : ‘फायनल’ आणि ‘सील्ड’ शिकवणारी एक शिकवणी

ऐरोलीच्या कार्यालयात गेली आठ वर्षे मी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करतो आणि त्यातील शेवटची चार वर्षे नव्या उमेदवारांच्या मुलाखती घेण्याचे कामही माझ्याकडे आहे. (माहिती आणि तिच्यावरची कामे, म्हणजे मेथड, प्रोग्रॅमच्या ज्या घटकात एकत्र लिहितात तो क्लास; एका ‘पेरेंट’ क्लासवरून बेतलेला दुसरा तो त्याचा चाइल्ड क्लास.) ‘फायनल क्लास म्हणजे काय?’ या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक उमेदवार ‘ज्याचा चाइल्ड क्लास करता येत नाही तो’ असे एका दमात सांगतो, आणि ‘मग तुम्ही स्वतः लिहिलेल्या कोणत्या क्लासला फायनल लावले, आणि का लावले?’ असे विचारले की समोरचा पाण्याचा ग्लास जवळ ओढतो. मला त्यांचा राग येत नसे, कारण हाच प्रश्न मला कोणी विचारला असता तर धड उत्तर मलाही देता आले नसते. त्यामुळे इनहेरिटन्स (पेरेंट क्लासमधले चाइल्ड क्लासला वारशाने मिळणे) आणि ओव्हरराइडिंग (मिळालेली मेथड चाइल्ड क्लासने बदलून लिहिणे) यांना आळा कसा व कधी घालावा, एवढ्याच विषयावर ठाण्यात नौपाड्यामध्ये चार रविवारांची शिकवणी भरते, असे एका सहकाऱ्याकडून कळल्यावर, एवढ्याशा विषयाला सोळा तास कशाला, ही शंका मनात ठेवूनच मी पैसे भरले.

एक खुलासा आधीच केलेला बरा. शिकवणीलाही आपण क्लास म्हणतो आणि प्रोग्रॅममधल्या क्लासलाही क्लासच म्हणतो. मराठी शब्द वापरावा तर ‘वर्ग’ही दोन्हीकडे तोच. पहिल्या रविवारी यावरून दोनदा हशा झाला. म्हणून या लेखात जिथे फी भरून बसायचे ती शिकवणी आणि जिथे मेथड लिहायच्या तो क्लास, असा भेद मी पाळला आहे.

शिकवणी गोखले रोडला लागून असलेल्या एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भरते. वेळ सकाळी नऊ ते एक, फी ४,८०० रुपये, आणि आमच्या तुकडीत चौदा जण होते : पाच-सहा जण अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे, बाकीचे ऐरोली, वागळे इस्टेट आणि घोडबंदर रोडच्या बाजूने आलेले नोकरदार. लिफ्ट नाही, आणि गल्लीत दुचाकी लावायलाही जागा मिळत नाही, त्यामुळे स्टेशनवरून चालत जाणेच सोयीचे. शिकवणे मराठीतून चालते, आणि हे जाहिरातीपुरते नाही. शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच तासाला क्लासचे नाव ‘खाते’ आणि मेथडचे नाव ‘व्याज’ असे थेट देवनागरीत टाइप केले, आणि प्रोग्रॅम चालला. जावा युनिकोडमधील (जगभरच्या लिपींच्या मानकातील) अक्षरे नावांसाठी स्वीकारते हे मी कुठेतरी वाचले होते, पण काना-मात्रा आणि जोडाक्षरांसह ते चालताना प्रथमच पाहिले. शेजारच्या मुलाच्या विंडोज लॅपटॉपवर मात्र त्याच ओळींची चिन्हांची खिचडी झाली, कारण त्याच्याकडे जुनी आवृत्ती होती. फाइल कोणत्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) आहे हे सांगितले नसेल तर ती यूटीएफ-८ मध्येच आहे असे मानण्याची पद्धत जावा १८ पासूनची आहे. कामाच्या प्रोग्रॅममध्ये अशी नावे मी देणार नाही, पण शिकताना भाषेचे शब्द कोणते आणि आपले कोणते, हे एका नजरेत वेगळे दिसते, आणि हा फायदा लहान नाही.

पहिला रविवार उजळणीचा होता आणि अनुभवी माणसाने तो चुकवला तरी फारसे बिघडणार नाही. प्रायव्हेट मेथड ओव्हरराइड होत नाही, स्टॅटिक मेथड ओव्हरराइड न होता नुसती झाकली जाते, पब्लिक (सर्वांना खुल्या) मेथडला चाइल्ड क्लासमध्ये प्रोटेक्टेड (मुख्यतः चाइल्ड क्लासपुरती खुली) करता येत नाही, हे सगळे नेहमीचेच. लक्षात राहिला तो शेवटचा अर्धा तास, ज्यात निरनिराळ्या भाषांचा मूळ स्वभाव मॅडमनी फळ्यावर मांडला. जावात क्लास आणि मेथड दोन्ही मुळात उघडे, म्हणजे चाइल्ड क्लास करू देणारे व ओव्हरराइड होऊ देणारे, असतात आणि बंद करायचे असतील तर फायनल लिहावे लागते. सी प्लस प्लस आणि सी शार्पमध्ये क्लास उघडा असला तरी मेथड मुळात बंद असते आणि व्हर्च्युअल लिहिले की उघडते. म्हणूनच सी शार्पमध्ये मेथडला सील्ड (तिथले फायनल) लावायचे तर सोबत ओव्हरराइड असावेच लागते, कारण जी मेथड उघडलीच नाही ती बंद काय करणार? कोटलिनने क्लासही मुळातच बंद ठेवला आणि ज्याला उघडायचा असेल त्याने ‘ओपन’ लिहावे असा नियम केला. सी प्लस प्लसला तर फायनल हा शब्दच २०११ च्या मानकात मिळाला, त्याआधी कन्स्ट्रक्टर (क्लासवरून वस्तू तयार होताना चालणारा भाग) प्रायव्हेट करून लोक तोच हेतू आडवाटेने साधत असत. या सर्व भाषांत मी कधी ना कधी चार ओळी लिहिल्या आहेत, पण दाराची ही वेगवेगळी गणिते एकाच फळ्यावर कधी पाहिली नव्हती.

याच रविवारी मॅडमनी इनहेरिटन्स समजावण्यासाठी वडिलोपार्जित जमिनीचा दाखला दिला आणि तो, माझ्या मते, साफ फसला. वडिलोपार्जित मालमत्तेत देणारा मागे राहत नाही. वारसाच्या हाती जे येते ते त्याचे होते, आणि वर बसून कोणी सातबारा दर महिन्याला बदलत नाही. प्रोग्रॅममधला पेरेंट क्लास मात्र जिवंत असतो, त्याची नवी आवृत्ती येते, आणि चाइल्ड क्लासच्या पायाखालची जमीन त्याला न विचारता सरकते. खरी अडचण हीच आहे आणि तो दाखला नेमकी हीच लपवतो. तसे मी मधल्या सुट्टीत त्यांना म्हणालो. त्यांनी वाद घातला नाही, ‘पुढच्या रविवारी या’ एवढेच म्हणाल्या.

दुसऱ्या रविवारी जे झाले त्यासाठी संपूर्ण फी द्यायलाही माझी हरकत नव्हती. पतपेढीच्या हिशेबाचा एक लहान प्रोग्रॅम होता. ‘खाते’ या पेरेंट क्लासमध्ये ‘महिनाअखेर’ नावाची मेथड ‘व्याज’ या मेथडला एकदा बोलावत होती. ‘ज्येष्ठ नागरिक खाते’ या चाइल्ड क्लासने ‘व्याज’ ओव्हरराइड करून अर्धा टक्का जास्त धरला होता आणि जाता जाता वहीत एक नोंदही टाकली होती. वर्षभराचे बारा महिने चालवले, नोंदी बारा आल्या. मग मॅडमनी फक्त ‘खाते’ उघडले आणि ‘महिनाअखेर’मध्ये एक निरुपद्रवी सुधारणा केली : व्याज जमा करण्याआधी ग्राहकाला अंदाज दाखवावा, म्हणून ‘व्याज’ला आधी एकदा बोलावून आकडा छापायचा आणि नंतर दुसऱ्यांदा बोलावून तो जमा करायचा. पेरेंट क्लासच्या सगळ्या चाचण्या पास झाल्या. चाइल्ड क्लासला कोणी हातही लावला नाही, तो पुन्हा कंपाइलदेखील (यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलणे) केला नाही. वर्ष पुन्हा चालवले, आणि नोंदी चोवीस.

खोलीतल्या नोकरदारांपैकी निदान तिघांनी त्या क्षणी हसून मान हलवली. हे दुखणे प्रत्येकाने कोणत्या ना कोणत्या रूपात अंगावर काढलेले असते. आमच्याकडे एका बाहेरच्या लायब्ररीतील (तयार प्रोग्रॅमसंग्रहातील) क्लास आम्ही एक्स्टेंड केला होता, म्हणजे त्याचा चाइल्ड क्लास केला होता, आणि आवृत्ती बदलल्यावर एका अहवालातील बेरजा दुप्पट येऊ लागल्या होत्या; दोन दिवस आम्ही आमच्याच ओळी तपासत बसलो, कारण बदल तिथे झालेला नाही हे मनाला पटतच नव्हते. या प्रकाराला ‘फ्रॅजाइल बेस क्लास’, म्हणजे नाजूक पेरेंट क्लास, म्हणतात, हे नाव मला ठाऊक होते. पण नाव ठाऊक असणे आणि बाराचे चोवीस होताना डोळ्यांसमोर पाहणे यात बराच फरक आहे.

यावरचा उपाय मॅडमनी ज्या क्रमाने काढला तो क्रम मला विशेष आवडला. एका विद्यार्थ्याने लगेच सुचवले की ‘महिनाअखेर’ला फायनल लावावे. त्यांनी लावून दाखवले, आणि नोंदी चोवीसच राहिल्या, कारण चाइल्ड क्लासने ‘महिनाअखेर’ला हात लावलाच नव्हता. फायनल हा शब्द जादूचा नाही, तो योग्य दाराला लावावा लागतो. मग त्यांनी ‘व्याज’ फायनल केले, त्याबरोबर चाइल्ड क्लास ‘ओव्हरिडन मेथड इज फायनल’ असे म्हणत कंपाइल व्हायचा थांबला, आणि त्या तुटलेल्या अवस्थेतच त्यांनी विचारले, ‘आता या ज्येष्ठ नागरिकाला आपल्याकडून खरोखर काय वेगळे हवे आहे?’ थोड्या गलक्यानंतर उत्तर निघाले : फक्त दर. म्हणून ‘दर’ नावाची एक लहान मेथड प्रोटेक्टेड ठेवून तेवढीच ओव्हरराइड करण्यासाठी उघडी सोडली, हिशेब आणि नोंद फायनल मेथडच्या आत गेली, आणि पेरेंट क्लासने दर कितीही वेळा विचारला तरी नोंदी बाराच येऊ लागल्या. कुठे बंद करायचे यापेक्षा बंद केल्यावर उघडे काय ठेवायचे, आणि ते किती अरुंद ठेवायचे, हा प्रश्न जास्त अवघड आहे, हे त्या एका तासात जितके उमगले तितके आठ वर्षांत उमगले नव्हते.

त्याच दिवशी चहानंतर कन्स्ट्रक्टरचे प्रकरण झाले. पेरेंट क्लासच्या कन्स्ट्रक्टरने ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड बोलावू नये, हा नियम पुष्कळांना पाठ असतो. इथे ‘खाते’चा कन्स्ट्रक्टर ‘शीर्षक छाप’ ही मेथड बोलावतो, ‘बचत खाते’ ती ओव्हरराइड करून स्वतःच्या फील्डमधले (माहिती ठेवण्याच्या जागेतले) नाव छापते, आणि पडद्यावर नावाऐवजी ‘नल’, म्हणजे ‘काहीच नाही’, येते. कारण पेरेंटचा कन्स्ट्रक्टर चालू असताना चाइल्डच्या फील्डमध्ये किंमत अजून भरलेलीच नसते. इथपर्यंत सगळे अपेक्षित होते. पण मागच्या बाकावरच्या एका मुलीने सवयीने त्या फील्डला फायनल लावले होते आणि तिच्या पडद्यावर ‘बचत’ असे नाव व्यवस्थित छापले गेले.

‘मॅडम, माझ्याकडे नल येतच नाहीये. मी काही चुकवलं का?’

‘थांबा, आधी पुन्हा चालवून बघू, मग बोलू.’

पुन्हा चालवले, पुन्हा ‘बचत’. मॅडम मिनिटभर गप्प राहिल्या, मग त्या फील्डमधले अवतरणातले नाव काढून तिथे नाव आणून देणारी एक मेथड लिहायला सांगितली, फायनल तसेच ठेवून. आता ‘नल’ आले. उलगडा असा की फायनल फील्डला थेट अवतरणात लिहिलेली किंमत दिली तर कंपायलर ती किंमत वापराच्या जागी सरळ छापून टाकतो, फील्ड वाचायला जातच नाही. किंमत प्रोग्रॅम चालताना ठरणार असेल तर मात्र फील्ड वाचावे लागते आणि ते रिकामे सापडते. फील्डवरचे फायनल, मेथडवरचे फायनल आणि क्लासवरचे फायनल ही एकाच आडनावाची तीन वेगळी माणसे आहेत, हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारे उदाहरण ठरवून शोधूनही सापडले नसते. स्वतःच्या आखणीबाहेरचा प्रश्न आल्यावर ‘ते सिलॅबसमध्ये नाही’ न म्हणणारे शिक्षक मी फार पाहिलेले नाहीत.

तिसरा रविवार सील्ड क्लासचा. जावात ही सोय १५ आणि १६ या आवृत्त्यांत प्रायोगिक होती आणि सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या जावा १७ मध्ये कायम झाली. फायनल म्हणजे कोणालाच प्रवेश नाही. सील्ड म्हणजे यादीतल्यांनाच प्रवेश, आणि ती यादी ‘परमिट्स’ या शब्दापुढे पेरेंट क्लास स्वतः लिहितो. यादीतल्या प्रत्येक चाइल्ड क्लासने पुढे आपले काय ते जाहीर करायचे असते : तो फायनल आहे, सील्ड आहे, की नॉन-सील्ड म्हणजे पुन्हा सर्वांना मोकळा. ही सक्ती मला आधी कटकट वाटली होती. नॉन-सील्ड लिहिणाऱ्याला निदान आपण दार उघडतो आहोत हे हाताने टाइप करावे लागते, हा मॅडमचा मुद्दा आता पटतो.

सरावासाठी ‘भरणा’ नावाचा सील्ड इंटरफेस (क्लाससारखाच, पण मुख्यतः कोणत्या मेथड हव्यात एवढेच सांगणारा) आणि त्याखाली रोख, धनादेश व यूपीआय असे तीन रेकॉर्ड (माहिती धरणारे छोटे क्लास) होते. रेकॉर्ड मुळातच फायनल असल्यामुळे वेगळे काही लिहावे लागले नाही. २०२३ च्या जावा २१ पासून अशा प्रकारांवर स्विच (प्रकार पाहून पुढची वाट निवडणारी रचना) लिहिता येतो, आणि यादी बंद असल्याचे कंपायलरला माहीत असल्यामुळे तीनही प्रकार हाताळले की डिफॉल्ट (बाकी सर्वांसाठीची वाट) लिहावे लागत नाही. मग मॅडमनी यादीत ‘कार्ड’ हा चौथा प्रकार घातला, आणि प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे स्विच होता तिथे तिथे कंपायलर अडून बसला. आमच्यातल्या एकाने मात्र ‘सुरक्षिततेसाठी’ म्हणून डिफॉल्ट लिहून ठेवले होते. त्याचा प्रोग्रॅम विनातक्रार कंपाइल झाला आणि कार्डाने आलेले पैसे रोख म्हणून जमा झाले. यावर बोलायला फारसे काही उरले नाही.

आता तक्रारी. सर्वांत मोठी छापील टिपणांबद्दल आहे. चाळीस पानांच्या त्या वहीत सतराव्या पानावर ‘स्ट्रिंग हा क्लास फायनल असल्यामुळे स्ट्रिंगची किंमत बदलत नाही’ असे वाक्य आहे (स्ट्रिंग म्हणजे मजकूर धरणारा क्लास) आणि ते चुकीचे आहे. स्ट्रिंगबिल्डर हाही फायनल क्लासच आहे आणि त्यातला मजकूर बदलण्यासाठीच तो केला आहे. उलट बिगडेसिमल (दशांश संख्यांचा क्लास) फायनल नाही, तरी त्याच्या स्वतःच्या मेथड आतली किंमत बदलत नाहीत. धोका असा की फायनल नसल्यामुळे कोणीही त्याचा चाइल्ड क्लास करून न बदलण्याचा हा शब्द मोडू शकतो. म्हणजे फायनल आतली किंमत गोठवत नाही, गोठलेल्या किमतीची हमी चाइल्ड क्लासकडून मोडली जाऊ नये एवढे पाहते. मॅडमनी शिकवणीत हे अगदी बरोबर सांगितले होते, पण मुले परीक्षेला वही वाचून जाणार. त्याच वहीत ‘फायनल लावल्याने मेथड जलद चालते’ असाही एक उल्लेख आहे. आजच्या जावाच्या बाबतीत तो निरर्थक आहे, कारण हॉटस्पॉट (जावाचे प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा) प्रोग्रॅम चालताना कोणकोणते चाइल्ड क्लास खरोखर लोड झाले आहेत हे पाहून ओव्हरराइड न झालेल्या मेथडचा मार्ग स्वतःच थेट करून घेतो. वेगासाठी फायनल लावणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, आणि लावण्याचे खरे कारण मात्र मागे पडते.

दुसरी तक्रार चौथ्या रविवारची. कोटलिन, पायथन आणि चाचण्या हे सगळे चार तासांत कोंबल्यामुळे कशालाच न्याय मिळाला नाही. पायथनमध्ये ३.८ पासून फायनल हे डेकोरेटर (क्लास किंवा मेथडच्या वर लावायची खूण) आहे, पण ते मायपायसारख्या तपासनीसाने वाचायची सूचना आहे, प्रोग्रॅम चालताना ते कोणालाही अडवत नाही, एवढे सांगून पुढे जाणे एक वेळ चालून जाईल. कोटलिनबाबत मात्र नुकसान झाले. आमच्या कार्यालयात गेल्या वर्षी एका नव्या सहकाऱ्याने स्प्रिंगसाठी (सर्व्हरचे प्रोग्रॅम उभारण्याच्या तयार चौकटीसाठी) कोटलिनमध्ये कॉन्फिगरेशनचा क्लास लिहिला, आणि सर्व्हर ‘क्लास मे नॉट बी फायनल’ असे म्हणत सुरूच होईना. त्याने तर फायनल कुठेच लिहिले नव्हते. स्प्रिंग अशा क्लासचा चाइल्ड क्लास चालता चालता स्वतः तयार करते आणि कोटलिनचा क्लास मुळातच बंद असतो, या दोन सवयी समोरासमोर आल्या की हे होते, आणि ठरावीक क्लास आपोआप ओपन करणारे प्लगइन त्यासाठीच आहे. बंद ठेवण्याची किंमत कुठे मोजावी लागते याचे इतके रोजच्या कामातले उदाहरण पाच मिनिटांत गुंडाळले गेले. चाचण्यांचेही तसेच : फायनल क्लासचा मॉक (चाचणीपुरती नकली प्रत) करता येत नाही ही तक्रार अजून ऐकू येते, पण मॉक बनवणाऱ्या मॉकिटो या साधनाला आवृत्ती २ पासून ते वेगळी सोय चालू करून जमते आणि आवृत्ती ५ पासून ती सोय मुळातच चालू असते, हे एका वाक्यात सांगून झाले असते.

मॅडमच्या एका भूमिकेशी मी अर्धाच सहमत आहे. शंका असेल तर क्लास बंदच ठेवा, असे त्या सांगतात. त्यांचे कारण पक्के आहे : फायनल नंतर काढले तर कोणाचे काही मोडत नाही, पण उघडा क्लास नंतर फायनल केला तर ज्यांनी त्याचे चाइल्ड क्लास केले आहेत त्या सर्वांचे मोडते. दुसऱ्यांना वापरायला दिलेल्या लायब्ररीसाठी मला हे शंभर टक्के मान्य आहे. परंतु सगळा सोर्स आपल्याच सात जणांच्या हाती असेल, पेरेंट आणि चाइल्ड एकाच दिवशी एकत्र बदलता येत असतील, तर प्रत्येक क्लासला फायनल लावल्याने शिस्तीपेक्षा कुरबुरच जास्त होते. हा भेद त्यांनी स्वतःहून मांडला नाही, विचारल्यावर मात्र मान्य केला.

बाकी गोष्टी थोडक्यात. प्रोजेक्टर स्पष्ट आहे, पण खिडकीजवळच्या बाकांवर दहानंतर ऊन येते. चहा चांगला असतो. चित्रीकरण देत नाहीत, त्यामुळे एखादा रविवार बुडाला तर बुडालाच. सरावाचे प्रोग्रॅम चारही रविवारचे मिळतात, आणि दुसऱ्या रविवारचा पतपेढीचा प्रोग्रॅम बिघडलेल्या आणि दुरुस्त अशा दोन्ही अवस्थांत मिळतो. मी तो सोमवारीच कार्यालयात दोघांना दाखवला. जावाची फक्त तोंडओळख असलेल्याने इतक्यात इथे येऊ नये. एखादे जुने काम दोन-तीन वर्षे सांभाळलेल्याला इथले प्रत्येक उदाहरण कुठे ना कुठे लागू पडेल.

शेवटच्या दिवशी निघताना मी वहीचे सतरावे पान उघडून ते वाक्य पेन्सिलीने खोडले आणि शेजारी ‘स्ट्रिंगबिल्डर?’ एवढेच लिहून मॅडमसमोर धरले. त्यांनी चष्मा वर करून ते वाचले, मोबाइलने पानाचा फोटो काढला, आणि वही परत देण्याआधी त्याच पेन्सिलीने जलद मेथडचे वाक्यही स्वतःच खोडले.